वाचकांचे प्रश्न : दोरी ओढूनही चेनसॉ सुरू होत नाही

पावसाळा सरून बांधावरची निलगिरी उतरवणे, वाळलेल्या फांद्या काढणे, सरपण फोडणे ही कामे निघाली, की चेनसॉ सुरू होत नसल्याच्या तक्रारी या सदराकडे येऊ लागतात. या वेळी खानापूर, बेळगाव, हल्याळ, निपाणी आणि चिकोडी या तालुक्यांतून आलेल्या पत्रांत हाच विषय वारंवार दिसल्याने संपूर्ण सदर त्यालाच दिले आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : महोदय, सादर नमस्कार. जांबोटी भागात आमची शेती आहे. ५८ सीसीची म्हणून घेतलेली चेनसॉ आजवर उत्तम चालली. मे महिन्याच्या अखेरीस काम आटोपल्यावर ती पुसून माळ्यावर ठेवली होती. दिवाळीनंतर काढली, तर दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, पण ती एकदाही फटकत नाही. गावातील मेकॅनिकने नवीन प्लग घातला, कार्बोरेटरचे स्क्रू फिरवून पाहिले, तरी उपयोग झाला नाही. आता तो कार्बोरेटरच बदलावा लागेल असे म्हणतो. बदलावा काय?

उत्तर : कार्बोरेटर बदलण्याची घाई करू नये, आधी टाकीतले पेट्रोल बदलावे. यंत्र पुसून ठेवल्याचे आपण लिहिले आहे, टाकी रिकामी केल्याचे लिहिलेले नाही, आणि त्यावरून मे महिन्यातले ऑइलमिश्रित पेट्रोल संपूर्ण पावसाळाभर टाकीत व कार्बोरेटरमध्ये पडून राहिले असावे असे दिसते. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यातला पाऊस आणि त्या दिवसांतला हवेतला दमटपणा आपणांस सांगण्याची गरज नाही. त्या दमट हवेचा पेट्रोलशी काय संबंध, ते मात्र सांगितले पाहिजे.

पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेले असते. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलची विक्री ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळूर येथे सुरू करण्यात आली आणि त्यानंतर ते देशभरातील पंपांवर पोहोचले. हे इथेनॉल उसापासूनही होते, म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या ऊस उत्पादकाचा त्यात वाटा आहे आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु इथेनॉल हवेतली वाफ शोषून घेते, हा त्याचा गुण लहान इंजिनांना मानवत नाही. चेनसॉच्या बहुतेक कंपन्या आपल्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे लिहितात. टाकीला हवेसाठी छिद्र असते. त्यातून येणारी ओल महिनोन्महिने शोषली गेली, की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. टू-टी ऑइल वर राहिलेल्या पेट्रोलमध्येच राहते. आता टाकीतला फिल्टर कोठे असतो ते आठवावे : नळीच्या टोकाला, टाकीच्या तळाशी. म्हणजे इंजिनाला सर्वांत आधी मिळते ते पाणी मिसळलेले आणि ऑइल नसलेले इथेनॉल. त्यावर इंजिन सहसा सुरू होत नाही, हे एका अर्थाने बरेच, कारण सुरू होऊन जोरात चालले असते तर ऑइलअभावी पिस्टन घासला गेला असता.

याची खात्री करणे सोपे आहे. टाकीतले पेट्रोल एका पारदर्शक काचेच्या बाटलीत ओतून अर्धा तास स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला, तर वर सांगितलेला प्रकार घडला आहे. थर दिसला नाही, तरी वास घेऊन पाहावा. ताज्या पेट्रोलचा झोंबणारा वास जाऊन वार्निशसारखा आंबूस वास येत असेल, तर त्यातला लवकर पेट घेणारा भाग उडून गेला आहे असे समजावे. दोन्ही परिस्थितींत ते पेट्रोल चेनसॉमध्ये पुन्हा घालू नये, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये, आणि चुलीत टाकण्याचा विचार तर मनातही आणू नये.

टाकी थोड्या ताज्या मिश्रणाने खळखळून धुवावी. वाकवलेल्या तारेच्या आकड्याने टाकीतला फिल्टर बाहेर ओढून पाहावा. तो काळा किंवा बुळबुळीत झाला असेल तर नवाच घालावा, कारण त्याची किंमत धुण्याच्या कष्टांपेक्षा कमी असते. फिल्टर ज्या रबरी नळीला लावलेला असतो, ती नळीही बोटांनी दाबून आणि किंचित ताणून पाहावी. इथेनॉलमुळे साध्या रबराच्या नळ्या आधी फुगतात, मग चिरतात, आणि केसाएवढी चीर असली तरी पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो.

यानंतर ताजे मिश्रण भरून, चोक लावून, चार-पाच वेळा दोरी ओढावी आणि प्लग काढून पाहावा. निदानाच्या दृष्टीने ही सर्वांत मोलाची पायरी आहे, आणि आपल्या मेकॅनिकने प्लग बदलताना जुना प्लग कोरडा होता की ओला, एवढे पाहिले असते तर बराच वेळ वाचला असता. प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत येतच नाही. प्लग पेट्रोलने भिजलेला असेल, तर पेट्रोल येते आहे, पण एकतर ते फार आले आहे किंवा ठिणगी पडत नाही.

कोरड्या प्लगच्या बाबतीत आणखी एक परीक्षा करावी. प्लगच्या भोकातून ताज्या मिश्रणाचे पाच-सहा थेंब सिलिंडरमध्ये सोडावेत, सांडलेले पुसून घ्यावे, प्लग व टोपी बसवावी आणि चोक न लावता दोरी ओढावी. इंजिन दोन-तीन सेकंद फटफटून बंद पडले, तर ठिणगी आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, दोन्ही ठीक आहेत आणि दोष टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या वाटेवर आहे, हे निःसंशय ठरते. आपल्या बाबतीत असेच होईल असा आमचा अंदाज आहे.

तसे झाल्यास कार्बोरेटर उघडून साफ करावा. चेनसॉच्या कार्बोरेटरमध्ये मोटरसायकलप्रमाणे तरंगणारा गोळा नसतो, कारण हे यंत्र आडवे-तिडवे कसेही धरले तरी चालावे लागते. त्याऐवजी दोन पातळ पडदे असतात, ज्यांना मेकॅनिक डायफ्राम म्हणतात. एक पडदा इंजिनातल्या दाबाच्या हेलकाव्यांवर हलून पेट्रोल ओढतो आणि दुसरा ते मोजून पुढे सोडतो. जुने पेट्रोल वाळले, की हे पडदे कडक होतात आणि आतली बारीक जाळी चिकट थराने बुजते. पेट्रोल मोजणाऱ्या बाजूचे झाकण काढल्यावर पडदा बोटाने दाबून पाहावा : तो मऊ असावा, वाळलेल्या पानासारखा कडकड वाजू नये. कडक असल्यास पडदे व गॅस्केटचा संच मिळतो, तोच घालावा. संपूर्ण कार्बोरेटर घेण्याचे कारण नाही. उघडताना प्रत्येक थराचा मोबाइलवर फोटो काढावा, कारण दोन्ही बाजूंचा क्रम उलटसुलट असतो : पेट्रोल मोजणाऱ्या बाजूला कार्बोरेटरच्या अंगाशी आधी गॅस्केट आणि त्यावर पडदा येतो, पंपाच्या बाजूला आधी पडदा आणि त्यावर गॅस्केट. जाळी कार्बोरेटर क्लीनरने धुवावी, छिद्रांत तार घालू नये आणि पडदे आत असताना कॉम्प्रेसरची हवा मारू नये.

राहिले स्क्रू. एल आणि एच अशी अक्षरे असलेले दोन स्क्रू मेकॅनिकने फिरवले असल्याने आता मूळची जागा हरवली आहे. ते अगदी हलक्या हाताने टेकेपर्यंत आत फिरवावेत आणि मग प्रत्येकी एक फेरा बाहेर घ्यावेत. बहुतेक यंत्रे या जागेवर सुरू होतात. पुढची बारीक जुळवणी इंजिन गरम झाल्यावर पुस्तिकेप्रमाणे करावी. टेकल्यावर जोर लावल्यास सुईचे टोक चेपते आणि मग मात्र कार्बोरेटर बदलावाच लागतो. एक गोष्ट स्पष्टपणे लिहावीशी वाटते : मे महिन्यात व्यवस्थित चाललेल्या यंत्राचे स्क्रू माळ्यावर पडल्या पडल्या आपोआप फिरत नाहीत, म्हणून बंद पडलेल्या यंत्राच्या दुरुस्तीची सुरुवात स्क्रूपासून करणे ही मेकॅनिक मंडळींची सवय आम्हांला पटत नाही.

पुढच्या मे महिन्यात टाकी रिकामी करून, उरलेले पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे आणि मगच यंत्र माळ्यावर ठेवावे. मिश्रणही एका महिन्यात संपेल एवढेच करावे.

प्रश्न : मी बेळगावच्या उद्यमबागेत फिटर म्हणून काम करतो. येळ्ळूरच्या शेतातील चेनसॉ मी स्वतः तपासली. पेट्रोल ताजे आहे, प्लग भिजतो, परंतु ठिणगी दिसत नाही. नवीन प्लग लावूनही तेच. कॉइल गेली असे समजावे काय?

उत्तर : आपण फिटर असल्याने थोडक्यात लिहितो. कॉइल विकत घेण्याआधी किल स्विचची बारीक वायर कॉइलपासून सोडवून पुन्हा तपासावे. ठिणगी येऊ लागली, तर स्विच किंवा त्याची वायर कोठेतरी अंगाला लागून अर्थ होत आहे. भुशाच्या आणि ऑइलच्या थराखाली वायरचे आवरण घासले जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. या स्थितीत इंजिन सुरू झाले, तर ते स्विचने बंद होणार नाही, चोक लावूनच बंद करावे लागेल, हे लक्षात असावे.

वायर सोडवूनही ठिणगी नसेल, तर प्लगच्या टोपीतली स्प्रिंग वायरमध्ये नीट रुतलेली आहे का, ते पाहावे. त्यानंतर कॉइल आणि मॅग्नेट यांमधले अंतर तपासावे. ते साधारण ०.३ मिलिमीटर लागते आणि आपल्याकडे फीलर गेज असणारच. दोन्हींच्या समोरासमोरच्या पृष्ठभागांवर गंज असल्यास पॉलिश पेपरने काढावा. एवढे करूनही ठिणगी आली नाही, तर कॉइल बदलावी.

ठिणगी येते, पण इंजिन उलटे फटकते आणि दोरी हातातून हिसकते, असे पुढे कधी झाले, तर मॅग्नेटला शाफ्टवर जागेवर धरणारी चावी तुटली आहे का ते पाहावे. ती सरकली, की ठिणगी भलत्या वेळी पडते.

ठिणगी तपासताना प्लगचा धातूचा भाग सिलिंडरच्या फिन्सना टेकवावा, तो प्लगच्या उघड्या भोकापासून शक्य तितका दूर असावा आणि आसपास सांडलेले पेट्रोल नसावे. भोकातून बाहेर येणारी वाफ ठिणगीने पेटते. प्लगच्या टोकांमधली गॅप ०.५ ते ०.७ मिलिमीटरच्या दरम्यान, आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ठेवावी.

प्रश्न : हल्याळ तालुक्यात वाऱ्याने पडलेली झाडे कापून देण्याचे काम मी करतो. सकाळी चेनसॉ लगेच सुरू होते. तास-दीड तास काम करून पेट्रोल भरण्यासाठी बंद केली, की मग सुरू होत नाही. अर्धा तास सावलीत ठेवली की पुन्हा पहिल्यासारखी. मजूर खोळंबतात. काय करावे?

उत्तर : थंड असताना चालणारे आणि गरम झाल्यावर अडणारे यंत्र अर्धे तरी निरोगी असते, असे समजण्यास हरकत नाही. पहिला संशय आपल्या हातावर घ्यावा लागेल, त्याचा राग मानू नये. सकाळच्या सवयीने आपण गरम यंत्रालाही चोक लावता का? गरम इंजिनाला जादा पेट्रोल लागत नाही. चोक लावून दोन-तीनदा ओढले, की ते ओव्हर होते, म्हणजे प्लग पेट्रोलने चिंब होतो, आणि अर्ध्या तासात ते पेट्रोल उडून गेल्यावर यंत्र आपोआप सुरू होते. आपल्या पत्रातील वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते. गरम यंत्र सुरू करताना चोक पूर्ण उघडा ठेवावा. ओव्हर झालेच असेल, तर स्विच बंद करून प्लग काढावा, यंत्र कलंडून दोरी काही वेळा ओढावी, प्लग पुसून बसवावा, स्विच चालू करावा आणि ट्रिगर पूर्ण दाबून, चोकशिवाय ओढावे. ट्रिगर दाबलेला असल्याने इंजिन सुरू होताच चेन वेगाने फिरेल. म्हणून यंत्र जमिनीवर दाबून धरलेले असावे आणि पान, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी, कशालाही टेकलेले नसावे.

चोक लावत नसाल, तर टाकीचे हवेचे छिद्र पाहावे. ते भुशाने बुजले, तर पेट्रोल जसजसे संपते तसतशी टाकीत पोकळी निर्माण होते आणि पेट्रोल पुढे जाईनासे होते. या दोषाची खूण अशी, की यंत्र कामाच्या मध्येच दम तोडते आणि झाकण सैल केल्यावर आवाज होऊन पुन्हा चालू लागते. मात्र आपले यंत्र पेट्रोल भरल्यानंतर अडते, म्हणजे झाकण उघडून झालेले असते. त्यामुळे हे कारण दुय्यम वाटते. झाकण उघडताना एक काळजी घ्यावी : उन्हात तापलेल्या टाकीत वाफेचा दाब असतो आणि झाकण एकदम फिरवल्यास पेट्रोल अंगावर उडते. ते हळूहळू सैल करावे, बिडी ओढणाऱ्या माणसाला बाजूला पाठवावे आणि भरल्यानंतर यंत्र किमान ३ मीटर दूर नेऊनच सुरू करावे.

तिसरी शक्यता कॉइलची आहे. काही कॉइल थंड असताना ठिणगी देतात आणि गरम झाल्या की देत नाहीत. अशी कॉइल दुसऱ्या दिवशी दुकानात तपासली, तर निर्दोष ठरते आणि गिऱ्हाईक खोटे ठरते. म्हणून तपासणी जंगलातच, यंत्र अडल्याच्या क्षणी करावी. जास्तीचा एक प्लग आणि पाना खिशात ठेवावा, जुना प्लग भाजेल इतका गरम असतो हे विसरू नये.

यंत्र बंद करण्यापूर्वी मिनिटभर मंद गतीवर चालू द्यावे. पंख्याची हवा चालू राहून कार्बोरेटर थोडा निवतो. एकदम बंद केल्यास सिलिंडरची उष्णता कार्बोरेटरमध्ये चढते आणि नळीत पेट्रोलची वाफ धरते. एअर फिल्टरही रोज संध्याकाळी झटकावा.

प्रश्न : उचगाव परिसरात आमची आमराई आहे. यजमान नोकरीनिमित्त बाहेर असल्याने छाटणीचे काम मीच पाहते. लहान चेनसॉ घेतली आहे. माझ्या दिरांच्या हातून ती दोन ओढींत सुरू होते, माझ्याकडून होत नाही. दोष यंत्रात नाही हे उघड आहे. ताकद कमी पडते म्हणून सोडून द्यावे काय?

उत्तर : ताई, सोडून देऊ नये. चेनसॉ ताकदीपेक्षा वेगाने सुरू होते. मॅग्नेट एका ठरावीक वेगाने फिरला तरच कॉइल ठिणगी देते. दोरी सुरुवातीपासून जोर लावून, पण सावकाश ओढली, तर कितीही ओढली तरी ठिणगी पुरेशी पडत नाही. आधी दोरी हळूच ओढत न्यावी. काही अंतरावर अडथळा लागतो, तेथे पिस्टन दाबाच्या जागी आलेला असतो. तेथून पुढे छोटा, झटक्याचा आणि सरळ वर असा हिसका द्यावा. दोरी टोकापर्यंत ओढण्याची गरज नाही, आणि मूठ हातातून सोडून देऊ नये. परत जाताना तिला हातानेच आत जाऊ द्यावे, नाहीतर आतली स्प्रिंग तुटते.

यंत्र सपाट जमिनीवर ठेवावे, चेन ब्रेक पुढे ढकलून लावलेला असावा, डाव्या हाताने पुढची मूठ जमिनीकडे दाबावी आणि उजव्या पायाच्या बुटाचे टोक मागच्या मुठीत घालून यंत्र रोवून धरावे. चप्पल चालणार नाही. आपले दीर एका हाताने यंत्र खाली सोडत दुसऱ्या हाताने दोरी ओढत असतील, तर ती पद्धत पाहून शिकू नये. ती धोक्याची आहे आणि त्यांनीही सोडावी.

चोकच्या बाबतीत बहुतेकांचे गणित येथे चुकते. थंड यंत्राला पूर्ण चोक लावून ओढायला सुरुवात करावी, आणि इंजिन एकदा फट्‌ करून बंद पडले, की लगेच चोक अर्ध्यावर आणावा किंवा काढावा. तो पहिला आवाज लहान असतो, कानटोपी घातली असेल तर निसटतो. तो चुकून पुढेही पूर्ण चोकवर ओढत राहिल्यास यंत्र ओव्हर होते. चार-पाच ओढींत आवाज आला नाही, तरी चोक काढून पाहावा. काही यंत्रांना सिलिंडरच्या बाजूला दाब सोडणारे बटण असते. ते प्रत्येक वेळी ओढण्यापूर्वी दाबल्यास दोरी पुष्कळच हलकी येते आणि इंजिन फटकताच बटण आपोआप बाहेर येते. आपल्या यंत्राला ते आहे का, ते पाहावे.

प्रश्न : निपाणीजवळ आमची वखार आहे. नवीन कामगाराने मोठ्या चेनसॉमध्ये ऑइल न मिसळता पेट्रोल घातले. ती काही वेळ चालून बंद पडली. आता दोरी अगदी हलकी येते, पण यंत्र सुरू होत नाही. ऑइल मिसळून पेट्रोल भरले, प्लग बदलला. दुरुस्त होईल का?

उत्तर : दुरुस्त होईल, पण प्लगने नाही. टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळे ऑइल मिळत नाही. पेट्रोलबरोबर येते तेवढेच. ते नसेल, तर पिस्टन आणि सिलिंडर कोरडे घासतात, पिस्टनचे ॲल्युमिनियम वितळून रिंगा चिकटतात आणि दाब धरला जात नाही. दोरी हलकी येणे हे त्याचेच लक्षण आहे. साधी परीक्षा अशी : स्विच बंद ठेवून यंत्र केवळ दोरीच्या मुठीला धरून उचलावे. चांगले यंत्र लटकते आणि टप्प्याटप्प्याने खाली उतरते. दाब गेलेले यंत्र सरळ खाली जाते. गेज असलेल्या दुकानात मोजल्यास सुस्थितीतल्या इंजिनाचा दाब १५० पीएसआयच्या आसपास दिसतो, १०० च्या खाली गेलेले इंजिन सहसा सुरू होत नाही.

खात्रीसाठी सायलेन्सरचे स्क्रू काढून धुराच्या खिडकीतून आत टॉर्च मारावा. पिस्टनच्या अंगावर उभे, खरबरीत ओरखडे दिसले, तर निकाल लागला. सायलेन्सर काढलाच आहे, तर त्याची जाळीही तारेच्या ब्रशने साफ करावी; वखारीच्या यंत्रांत ती काजळीने बुजलेली असणे नवल नाही.

पिस्टन, रिंगा आणि सिलिंडर हे तिन्ही एकत्र बदलावेत. फक्त रिंगा घालून पैसे वाचवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये. ओरबाडलेल्या सिलिंडरमध्ये नव्या रिंगा टिकत नाहीत. प्रचलित चिनी बनावटीच्या यंत्रांचा संच सहज मिळतो आणि बदलणे परवडते. नामांकित कंपनीचे यंत्र असल्यास आधी संचाची व मजुरीची किंमत विचारून मग ठरवावे. क्रँकचे बेअरिंग आणि सील त्याच वेळी तपासून घ्यावेत, कारण सील गळत असेल, तर हवा आत जाऊन नवा पिस्टनही तसाच भाजेल.

मिश्रणाचे प्रमाण वखारीच्या भिंतीवर रंगवून ठेवावे. चांगल्या प्रतीच्या, एअर कूल्ड इंजिनासाठीच्या टू-टी ऑइलला ५० भाग पेट्रोलला १ भाग, म्हणजे लिटरमागे २० मिली. साधे ऑइल असल्यास, किंवा यंत्राच्या पुस्तिकेत तसे सांगितले असल्यास, २५ ला १, म्हणजे लिटरमागे ४० मिली. मिश्रण डब्यात करून, हलवून, मगच टाकीत ओतावे. टाकीत आधी पेट्रोल आणि वरून ऑइल ओतणे म्हणजे मिसळणे नव्हे. मिश्रणाच्या कॅनवर खूण करावी आणि साधे पेट्रोल त्या खोलीतच ठेवू नये.

प्रश्न : चिकोडी तालुक्यातून लिहीत आहे. मुलाने पेट्रोलच्या टाकीत चेनला लावायचे ऑइल ओतले. दोरी ओढल्यावर काहीच झाले नाही. यंत्र बिघडले का?

उत्तर : बिघडले नाही. इंजिन चाललेच नसल्याने आतली घासाघीस झालेली नाही. टाकी पूर्ण रिकामी करावी, ताज्या मिश्रणाने दोनदा धुवावी आणि टाकीतला फिल्टर बदलावा, कारण घट्ट ऑइल त्यातून निघता निघत नाही. प्लग काढून, स्विच बंद ठेवून आणि भोकावर फडके धरून दोरी आठ-दहा वेळा ओढावी, म्हणजे आत गेलेले ऑइल बाहेर येईल. प्लग पेट्रोलने धुऊन, वाळवून बसवावा. सुरुवातीला पुष्कळ धूर येईल. काही मिनिटांत तो कमी झाला नाही किंवा यंत्र सुरूच झाले नाही, तर पहिल्या उत्तरात दिल्याप्रमाणे कार्बोरेटर उघडून धुवावा. पेट्रोलच्या आणि चेन ऑइलच्या अशा दोन्ही टाक्यांच्या झाकणांवर चित्रे असतात, पण ती ठसठशीत नसतात. पेट्रोलच्या झाकणाला लाल रंगाचा एक पट्टा मारून घ्यावा.